फादर थॉमस स्टीफन्स व नाकांतून निघणारे वर्ण

ख्रिस्तपुराणाचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचें नांव ऐकलें नाहीं असा मराठी शिकणारा विद्यार्थी विरळा. आपल्या काव्याच्या आरंभीं त्यांनीं मराठी भाषेची जी स्तुति केली आहे, ती क्रमिक पुस्तकांतून वारंवार आलेली असल्यामुळें पुष्कळांस पाठ असते; परंतु तेवढ्या ओव्यांपलीकडे या पुरुषाविषयीं आपणांस फारसें ठाऊक नसतें, असा आमचा अनुभव आहे. एवढा मोठा मराठी ग्रंथ एका इंग्रज गृहस्थानें रचिला, ही गोष्ट तर आश्चर्याची खरीच. पण तो ग्रंथ छापावयाचा तेव्हां मराठी अक्षरांचे खिळे उपलब्ध नव्हते, आणि सगळें मराठी बोलणें रोमन लिपींत उतरवावें लागलें, ही अडचण कांहीं लहान नव्हती. त्यांतही जे वर्ण नाकांतून निघतात त्यांनीं फार गोंधळ केला असता. या लेखांत स्टीफन्स यांच्या चरित्राबरोबरच या वर्णांचीही थोडी हकीकत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

स्टीफन्स यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत, बुश्टन या खेड्यांत झाला. त्यांचे वडील लंडन येथें व्यापार करीत. त्या काळीं इंग्लंडांत एलिझाबेथ राणीचें राज्य होतें, व रोमन कॅथलिक पंथाच्या लोकांवर कडक निर्बंध होते. थॉमस पाउंड नांवाच्या आपल्या स्नेह्याबरोबर रोम येथें जाऊन जेझुइट संघांत शिरावें, असा त्यांनीं बेत केला. परंतु निघण्यापूर्वींच पाउंड पकडले गेले व तुरुंगांत पडले. स्टीफन्स एकटेच निघाले, आणि २० ऑक्टोबर १५७५ रोजीं रोम येथें त्यांचा संघांत प्रवेश झाला. पुढें हिंदुस्थानांत जाण्याची परवानगी मिळवून ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन बंदरांत ते जहाजावर चढले, व सहा महिन्यांहून अधिक काळ समुद्रावर काढून त्याच वर्षाच्या २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास उतरले. प्रवासाची सारी हकीकत त्यांनीं नोव्हेंबर महिन्यांत वडिलांस पत्रानें कळविली. तें पत्र पुढें हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या सुप्रसिद्ध संग्रहांत छापलें गेलें. हिंदुस्थानांत येऊन कायमचे राहिलेले असे जे इंग्रज लोक इतिहासास ठाऊक आहेत त्यांत स्टीफन्स हे पहिले होत.

गोव्यांत आल्यावर त्यांचें नांव पालटलें. पोर्तुगीज लोक त्यांस तोमास एस्तेव्हांव म्हणूं लागले. या नांवाचा शेवट पोर्तुगीज लिपींत ‘ए’ व ‘ओ’ या दोन स्वराक्षरांनीं होतो, आणि पहिल्या अक्षरावर एक नागमोडी रेघ काढलेली असते. ती रेघ म्हणजे हा स्वर नाकांतून बोलावा अशी खूण. जुन्या काळीं लॅटिन लिहिणारे लेखक जागा वांचविण्यासाठीं शब्दांतील ‘एन्’ अथवा ‘एम्’ हें अक्षर गाळून त्याची खूण मागच्या अक्षराच्या डोक्यावर काढीत. त्या खुणेचीच पुढें ही रेघ झाली. आपला अनुस्वारही अक्षराच्या डोक्यावरच बसतो, हा योगायोग मौजेचा आहे. इंग्रजी भाषेंत असा सानुनासिक स्वर नाहीं. तेव्हां या इंग्रज गृहस्थास आपलें स्वतःचें नवें नांव उच्चारण्यासाठींही नाकाचा उपयोग करण्यास शिकावें लागलें असेल!

गोव्यांतील त्यांच्या आयुष्यांतील एक प्रसंग येथें सांगण्यासारखा आहे. १५८३ सालाच्या अखेरीस न्यूबेरी, फिच, लीड्स व स्टोरी हे चार इंग्रज कैदी म्हणून गोव्यास आणले गेले. पहिले दोघे व्यापारी, तिसरा जवाहिऱ्या व चौथा चित्रकार. त्यांस होर्मुज येथें पकडलें होतें, व ते हेर असावेत असा पोर्तुगीजांस संशय होता. स्टीफन्स यांनीं त्यांच्यासाठीं खटपट केली व ते जामिनावर सुटले. चित्रकारास जेझुइटांनीं आपल्या देवळाच्या कामास लाविलें. बाकीचे तिघे १५८४ सालीं संधि साधून गोव्यांतून निसटले. त्यांपैकीं राल्फ फिच हे १५९१ सालीं लंडनला परत पोंचले, व त्यांनीं सांगितलेल्या हकीकतीमुळें तेथील व्यापाऱ्यांचें लक्ष या देशाकडे वेधलें. स्वदेशाच्या चार माणसांस संकटांत मदत करावी एवढाच स्टीफन्स यांचा हेतु होता. त्यांतून पुढें काय निपजणार हें त्यांस दिसण्याचें कारण नव्हतें.

त्यांचें मुख्य कार्यक्षेत्र म्हणजे साष्टी प्रांत. तेथें त्यांनीं जवळजवळ चाळीस वर्षें घालविलीं, व कांहीं काळ जेझुइट विद्यालयाचे ते मुख्यही होते. येथें घरोघर कोंकणी बोलली जाई, व पुराणें आणि कथाकीर्तन यांची भाषा मराठी होती. या दोन्ही त्यांनीं आत्मसात् केल्या. येथें आल्यावर चारच वर्षांनीं, १५८३ सालीं, आपल्या भावास लिहिलेल्या लॅटिन पत्रांत त्यांनीं असें नमूद केलें आहे कीं, या देशांत भाषा पुष्कळ आहेत, त्यांचे उच्चार कानास अप्रिय नाहींत, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशीं मिळती आहे. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीं आपलें प्रसिद्ध भाषण कलकत्त्यास केलें तें १७८६ सालीं. म्हणजे स्टीफन्स यांचें निरीक्षण त्याच्या दोनशें वर्षें आधींचें. पत्र खासगी असल्यामुळें विद्वानांच्या नजरेस तें पुष्कळ काळ आलें नाहीं, ही गोष्ट निराळी.

आतां नाकांतून निघणारे वर्ण म्हणजे काय तें पाहूं. आपल्या टाळूचा पुढचा भाग कठीण व मागचा मऊ असतो, आणि त्या मऊ भागाच्या टोंकास पडजीभ लोंबत असते. आपण ‘प’, ‘त’ किंवा ‘क’ म्हणतों तेव्हां हा मऊ भाग वर उचलला जाऊन नाकाकडे जाणारी वाट बंद करितो. ‘म’ किंवा ‘न’ म्हणतांना तो खालीं येतो, नाकाची वाट मोकळी होते, व तोंडाची वाट ओठांनीं अथवा जिभेनें बंद केलेली असल्यामुळें सगळा नाद नाकांतून बाहेर पडतो. विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग स्वतः करून पहावा: नाक चिमटींत घट्ट धरून ‘स्’ हा वर्ण लांबवावा, कांहीं अडचण पडणार नाहीं, तसेंच नाक धरून ‘म्’ लांबवूं गेल्यास आवाज क्षणांत बंद पडेल, कारण नादास जावयास वाटच उरत नाहीं. पडशानें नाक चोंदलेलें मूल ‘मामा’ म्हणूं गेलें असतां ऐकणारास ‘बाबा’ असें वाटतें, तेंही याच कारणानें. ‘ब’ आणि ‘म’ यांत ओठांची कृति अगदीं एकच. भेद काय तो नाकाच्या वाटेचा.

तोंड कोठें बंद केलें यावरून या वर्णांचे प्रकार होतात. ओठ मिटले तर ‘म’. जिभेचें टोंक दांतांच्या मुळाशीं टेकलें तर ‘न’. तेंच टोंक मागें वळवून टाळूस लावलें तर ‘ण’. जिभेचा मधला भाग टाळूस लागला तर ‘ञ’. आणि जिभेचा मागचा भाग मऊ टाळूस भिडला तर ‘ङ’. आपल्याकडील प्राचीन वैयाकरणांनीं हें सारें बारकाईनें पाहिलें होतें. मुख व नासिका या दोहोंच्या साहाय्यानें जो उच्चारला जातो तो अनुनासिक, अशी पाणिनीनें व्याख्या केली, आणि प्रत्येक वर्गाचा पांचवा वर्ण त्या त्या स्थानाचा अनुनासिक म्हणून बसविला गेला. आपण लहानपणीं धुळाक्षरें गिरवितांना ही मांडणी न कळतां पाठ करितों, म्हणून तिचें महत्त्व आपल्या लक्षांत येत नाहीं. तोंड बंद न करितां नुसती नाकाची वाट उघडली म्हणजे स्वरच नाकांत बोलला जातो. तो सानुनासिक स्वर. मराठींत टिंब एकच, पण कामें दोन: ‘अंग’, ‘पंच’, ‘कंठ’, ‘अंत’, ‘अंबा’ यांत तें पुढच्या वर्णाप्रमाणें पांच निरनिराळीं व्यंजनें दाखवितें, आणि ‘नांव’, ‘तें’, ‘घरीं’ यांत तें केवळ स्वर नाकांत बोलावा असें सुचवितें.

युरोपांतील भाषांची गोष्ट अशी कीं, त्या बहुतेकांनीं लॅटिन लिपी उसनी घेतली, आणि लॅटिनांत या कामास अक्षरें दोनच, ‘एम्’ व ‘एन्’. मग ज्याला जसें सुचलें तसें त्यानें भागविलें. ‘ञ’ सारखा ध्वनि इतालियन लोक ‘जी’ व ‘एन्’ हीं अक्षरें जोडून लिहितात, स्पॅनिश लोक ‘एन्’वर नागमोडी रेघ काढतात, पोर्तुगीज लोक ‘एन्’पुढें ‘एच्’ ठेवितात. ध्वनि जवळजवळ एकच, लेखन तीन तऱ्हांचें! ‘ङ’साठीं ग्रीकांनीं ‘ग’चेंच अक्षर वापरलें, इंग्रजांनीं ‘एन्’ व ‘जी’ जोडलीं. ‘किंग’ या इंग्रजी शब्दाच्या शेवटीं खरें पाहतां ‘ग’ नाहींच, नुसता ‘ङ’ आहे. पण लेखनांत ‘जी’ दिसतें म्हणून आपले विद्यार्थी तो ‘ग’ ठासून उच्चारतात. परीक्षकांस ही तक्रार नवी नाहीं.

स्टीफन्स यांस इंग्रजी जन्मापासून येत होती, लॅटिनही येत होती, इतालियन रोम येथें अवगत झाली, व पोर्तुगीज लिस्बन आणि गोवा येथें. हीं सर्व लेखनें त्यांच्या डोळ्यांखालून गेलेलीं होतीं. मराठी रोमन अक्षरांत लिहावयाची तेव्हां ‘म’ व ‘न’ यांचा प्रश्न नव्हता. ‘ङ’ आणि ‘ञ’ आपल्याकडे बहुधा आपापल्या वर्गाच्या व्यंजनापूर्वींच येत असल्यामुळें साधें ‘एन्’ लिहून भागे. खरी अडचण दोन ठिकाणीं होती: एक ‘ण’ची, दुसरी स्वरावरील टिंबाची.

‘ण’ हा वर्ण युरोपांतील त्या भाषांत नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या लेखनांत तो ‘एन्’ हें अक्षर दोनदा लिहून दाखविलेला असतो. ‘पुराण’ हा शब्दच तसा लिहिलेला आढळतो. ‘ळ’साठीं ‘एल्’ दोनदा, तसेंच ‘ट’ व ‘ड’ यांसाठींही अक्षर दुप्पट करण्याची साधारणपणें रीत होती. आमच्या मतें या रीतींत एक दोष आहे; ‘अन्न’, ‘भिन्न’ अशा शब्दांत जेथें खरोखरच दोन ‘न’ आहेत तेथें वाचकास संदर्भावरूनच ओळखावें लागतें. परंतु नवीं अक्षरें पाडण्याची सोय नसतां हातीं असलेल्या खिळ्यांनीं याहून सोपा उपाय सांपडणें कठीणच होतें. तो इतका सोयीचा ठरला कीं, गोव्यांत रोमन लिपींत कोंकणी लिहिणारे लोक ‘ण’साठीं आजही दोन ‘एन्’ लिहितात.

टिंबाची अडचण याहून नाजूक. जुन्या मराठींत स्वरावरील टिंब म्हणजे केवळ उच्चाराची लकब नव्हे. त्यावर अर्थ अवलंबून असे. ‘ते गेले’ म्हणजे ते पुरुष गेले, आणि ‘तें गेलें’ म्हणजे तें मूल अथवा तें जनावर गेलें. ‘नाव’ म्हणजे होडी, ‘नांव’ म्हणजे ज्यानें आपणांस हांक मारितात तें. ‘तो जातो’ पण ‘मी जातों’. हें टिंब जर रोमन लेखनांत गाळलें असतें, तर लिंग, वचन व विभक्ति यांचा मेळ वाचकास लागला नसता, आणि हजारों ओव्या अर्थाच्या दृष्टीनें पांगळ्या झाल्या असत्या. येथें स्टीफन्स यांच्या कामीं आली ती पोर्तुगीज भाषा. त्या भाषेंत शब्दाच्या शेवटीं ‘एम्’ लिहितात, पण ओठ मिटत नाहींत; मागचा स्वर नाकांत बोलला जातो एवढेंच. शिवाय नागमोडी रेघ होतीच. या दोन्ही खुणा मराठीसाठीं घेण्यांत आल्या. ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत, ‘पैलें पुराण’ व ‘दुसरें पुराण’. त्यांतील ‘पैलें’ व ‘दुसरें’ या शब्दांचा शेवट रोमन लिपींत ‘एम्’नें केलेला आहे. ज्यास ही खूण ठाऊक नाहीं तो ‘पैलेम’ असें वाचील व हंसेल. येथें कोणी विचारील कीं, मग ‘नाम’ किंवा ‘राम’ यांतला खरा ‘म’ कसा ओळखावा? तर ओवींत अकारान्त शब्दाचा शेवटचा ‘अ’ उच्चारला जातो, व तो स्वतंत्र अक्षरानें लिहिलेला असतो. म्हणून शब्दाच्या अगदीं शेवटीं उघडें राहिलेलें ‘एम्’ टिंबासाठीं मोकळेंच होतें.

ही खूण न कळल्यामुळें इंग्रज लोक मात्र पुष्कळदां फसले. पणजीचें पोर्तुगीज लेखन ‘एम्’नें संपे, इंग्रजांनीं तें अक्षर जसेंच्या तसें वाचून ‘पांजिम’ केलें, व तें नांव रूढ झालें. वसईच्या पोर्तुगीज नांवाचा शेवटही असाच होता, त्याचें इंग्रजींत ‘बॅसीन’ झालें. पोर्तुगीज लोक मुंबईसही याच तऱ्हेनें शेवटीं ‘एम्’ लावीत. तें मात्र इंग्रजींत टिकलें नाहीं.

मराठी पुस्तक मराठी अक्षरांतच छापावें अशी स्टीफन्स यांची मनापासून इच्छा होती. गोव्यास छापखाना आला १५५६ सालीं, पण त्यांत खिळे रोमन. १६०८ सालीं स्टीफन्स यांनीं रोम येथील आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहून, या प्रांताच्या भाषेंत व याच लिपींत पुस्तकें छापण्याची परवानगी मागितली. आपल्या लिपींत व्यंजन व स्वर मिळून एक अक्षर होत असल्यामुळें सुमारें सहाशें ठसे लागतात, पण युक्तीनें ते दोनशेंवर आणतां येतील, असें त्यांनीं त्यांत मांडलें होतें. ही गोष्ट त्यांच्या हयातींत घडून आली नाहीं. देवनागरी खिळ्यांनीं मराठी भाषेचें व्याकरण छापलें गेलें तें थेट १८०५ सालीं, बंगाल्यांतील श्रीरामपूर येथें, विल्यम कॅरी यांच्या हातून.

१६१६ सालीं रायतूर येथें ख्रिस्तपुराण रोमन लिपींत छापून बाहेर पडलें. त्यांत सुमारें अकरा हजार ओव्या आहेत. तें रचण्याचें कारण त्यांतच सांगितलें आहे: नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांचे जुने पुराणग्रंथ बंद करण्यांत आले होते, व त्यांच्या जागीं मायबोलींत वाचावयास कांहीं नव्हतें; तशी मागणी त्यांच्यापैकींच एकानें केली. त्या काळच्या पोर्तुगीज राजवटीनें साष्टींतील देवळें पाडलीं, जुने ग्रंथ नष्ट केले, व लोकांवर पुष्कळ जुलूम केला, ही गोष्ट लपविण्यांत अर्थ नाहीं. स्टीफन्स त्याच राजवटीच्या आश्रयानें राहत होते हेंही खरें. परंतु ज्या भाषेचे ग्रंथ जाळले जात होते, तिच्यांतच त्यांनीं ओवी रचिली, व तिचें टिंबसुद्धां हरवूं नये म्हणून काळजी घेतली.

त्यांचीं आणखी दोन पुस्तकें त्यांच्या मृत्यूनंतर छापलीं गेलीं. कोंकणींतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांची प्रश्नोत्तरी १६२२ सालीं निघाली. कोंकणी भाषेचें व्याकरण त्यांनीं पोर्तुगीजांत लिहिलें होतें. त्यांत दियोगु रिबैरु या दुसऱ्या पाद्र्यांनीं भर घातली, व तें १६४० सालीं रायतूर येथेंच छापलें. आपल्या देशांतील चालू भाषेचें छापलेलें पहिलें व्याकरण म्हणून त्याची गणना होते. परदेशांतून आलेल्या पाद्र्यांस येथील बोली शिकतां यावी हा त्याचा हेतु. आणि याच गोव्यांत १६८४ सालीं व्हाइसरॉयनें हुकूम काढला कीं, लोकांनीं तीन वर्षांच्या आंत आपली बोली सोडून पोर्तुगीजच बोलावी! तो हुकूम कागदावर राहिला, बोली जिवंत राहिली. गोमंतकांत व दक्षिण कोंकणांत स्वर नाकांत बोलण्याची जुनी चाल अजूनही ऐकूं येते. देशावर ती बहुतेक गेली, आणि म्हणूनच १९६२ सालच्या लेखननियमांनीं उच्चारांत नसलेलीं हीं टिंबें मराठी लेखनांतून काढून टाकिलीं. या लेखांत आम्हीं तीं मुद्दाम ठेविलीं आहेत. ज्याच्या विषयीं लिहावयाचें तेंच गाळून लिहिणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

स्टीफन्स १६१९ सालीं गोमंतकांतच वारले. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीं सोडलेला स्वदेश त्यांनीं पुन्हां पाहिला नाहीं. ख्रिस्तपुराणाच्या पुढें १६४९ व १६५४ सालीं आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण या तीनही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो लोकांनीं हातानें उतरून घेतलेल्या पोथ्यांमुळें. अशा पोथ्यांवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें रोमन लिपींत तो पुन्हां छापला. पुढें लंडन येथें विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहांत एक देवनागरी पोथी आढळली. आणि शांताराम बंडेलू यांनीं संपादिलेली देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं निघाली, तेव्हां स्टीफन्स यांनीं १६०८ सालीं मागितलेलीं अक्षरें त्यांच्या ग्रंथास मिळालीं.